कॅमेरा मुलांच्या सांगण्यावरून वळतो का?

पत्राचा सारांश : बडोद्यातील गुजराती माध्यमाच्या एका शाळेत सातवी-आठवीला विज्ञान आणि सामाजिक विज्ञान शिकवणाऱ्या एका मराठीभाषक शिक्षिकेचे हे पत्र आहे. शाळेने यंदा एका वर्गात मोठा डिजिटल फळा, कॅमेरा आणि स्पीकर बसवले असून, वार्षिक सहलीऐवजी महिन्यातून एकदा ‘व्हर्च्युअल सहल’ घ्यावी आणि तिची जबाबदारी या बाईंनी सांभाळावी, असे व्यवस्थापनाने ठरवले आहे. पहिला कार्यक्रम एका कंपनीकडून पैसे देऊन घेतला होता. परदेशातील प्रवाळबेटाची ती पन्नास मिनिटांची सफर वर्गातल्या ५४ मुलांनी पाहिली. निवेदक इंग्रजीत बोलत होता, आवाज मधूनमधून तुटत होता, थोड्याच वेळात मागच्या बाकांवर कुजबुज सुरू झाली आणि शेवटी ‘काही प्रश्न?’ असे विचारल्यावर सगळा वर्ग गप्प राहिला. बाहेर पडताना एका मुलाने विचारले, “बेन, खरी सहल कधी?” सहकाऱ्यांचे म्हणणे असे, की निम्म्या मुलांच्या घरी सहलीची फी परवडत नाही, त्यांना निदान एवढे तरी पाहायला मिळते. बाई विचारतात, “ही मुलांची फसवणूक आहे असे मला वाटते. मी हे काम नाकारावे का? की माझेच विचार जुने झाले आहेत?”

ताई, नमस्कार.

हे काम नाकारू नका, असे मला आधीच सांगावेसे वाटते. मात्र ज्या रूपात ते तुमच्याकडे आले आहे, त्या रूपात ते स्वीकारूही नका. तुमचे विचार जुने झालेले नाहीत. दारात विचारलेला त्या मुलाचा प्रश्न तुमच्या मनाला लागला, याचा अर्थ वर्गात काय चालले आहे याकडे तुमचे नीट लक्ष आहे. पण त्या प्रश्नाने आलेली अस्वस्थता तुम्ही सगळी पडद्याच्या माथी मारत आहात, आणि तुमच्या पत्रातले वर्णन वाचल्यावर मला वाटते, की त्या दिवशी जे बिघडले त्यात पडद्याचा दोष फार थोडा होता.

व्यवस्थापन म्हणते, पडद्यावरची सहल खऱ्या सहलीची जागा घेईल. तुम्ही म्हणता, ती जागा तिला कधीच घेता येणार नाही. मते विरुद्ध असली तरी दोघांनी धरून चाललेली गोष्ट एकच आहे, की ही दोन्ही कामे एकाच मापाने मोजायची. मला तेच मान्य नाही. सहलीच्या दिवशी मूल पहाटे उठून डबा घेऊन निघते, बसमध्ये खिडकीसाठी भांडते, पावागडच्या पायऱ्यांवर दमते, चांपानेरच्या जामा मशिदीतल्या कोरीव दगडाला हात लावून पाहते आणि आईवडिलांशिवाय एक अख्खा दिवस आपल्याला निभावता येतो हे त्याला कळते. यातले काहीही इंटरनेटवरून मिळणार नाही, आणि मिळते असे कोणी सांगत असेल तर त्याच्याकडून काही विकत घेऊ नये. व्हिडिओ कॉन्फरन्सचे काम वेगळे आहे. जो माणूस एरवी तुमच्या वर्गात येऊ शकत नाही, त्याला त्याच्या कामाच्या जागी, काम चालू असताना गाठणे आणि त्याला प्रश्न विचारणे, एवढेच ते काम आहे, पण ते मोठे काम आहे. बसने ते होत नाही, कारण ५४ मुले घेऊन कोणत्याही प्रयोगशाळेत, मिठागरात किंवा जहाजावर शिरता येत नाही.

एक गोष्ट तुमच्या पत्रात नाही, पण आपल्या शहरात राहून सहलींविषयी बोलायचे तर ती टाळता येत नाही. १८ जानेवारी २०२४ रोजी हरणी तलावात सहलीला गेलेल्या मुलांची नाव उलटली आणि १२ मुले व २ शिक्षिकांचा मृत्यू झाला. तेव्हापासून सहलीच्या संमतीपत्रावर सही करताना बडोद्यातल्या पालकांचा हात अडखळतो, आणि सहलीला परवानगी देताना मुख्याध्यापकांचाही. तुम्हाला या निर्णयामागे काटकसर आणि नव्या वस्तूची हौस दिसते. कदाचित त्यामागे भीतीही असेल, आणि ती बैठकीत मोकळेपणाने बोलता येत नसल्यामुळे आधुनिक शिक्षणाच्या नावाने पुढे आली असेल. ती भीती खोटी नाही. पण मुलांना वर्गातच बसवून ठेवल्याने ती दूर होणार नाही. पाण्याजवळ जायचे आहे का, बोटीत किती जण बसवले जातात, प्रत्येकाच्या अंगात लाइफ जॅकेट आहे का, किती मुलांमागे एक शिक्षक आहे, आणि धोका दिसताच तिथल्या तिथे ‘नाही’ म्हणण्याचा अधिकार बरोबरच्या शिक्षकाला आहे का, हे प्रश्न निघण्यापूर्वी लेखी विचारले आणि त्यांची लेखी उत्तरे घेतली, तरच ती कमी होईल. मुख्याध्यापकांशी बोलताना या भीतीचा मान राखून सुरुवात करा. तुम्ही त्यांच्या निर्णयाला नुसता विरोध करत नाही, हे त्यांना पहिल्या पाच मिनिटांत कळले पाहिजे.

आता तो पहिला कार्यक्रम. त्या निवेदकाला एखाद्या मुलाने ‘मघाचा तो मासा पुन्हा दाखवा’ असे म्हटले असते, तर त्याने तो दाखवला असता का? तुमच्या वर्णनावरून मला तसे वाटत नाही. आधी चित्रित केलेली फिल्म लावून तिच्यावर एक जण थेट बोलतो, असा प्रकार अशा विकतच्या कार्यक्रमांत असू शकतो. तो वाईटच असतो असे मी म्हणणार नाही, पण मग फिल्मच का दाखवू नये? ती हवी तिथे थांबवता येते, मागे नेता येते, आवाज बंद करून तुम्ही स्वतः गुजरातीत समजावू शकता, आणि इंटरनेट गेले तरी अडत नाही. वेळ जुळवणे, आवाज तपासणे, पाहुण्याच्या विनवण्या करणे, ही थेट जोडणीची सगळी यातायात एकाच कारणासाठी करायची असते : आपण काही विचारले, तर पलीकडचा माणूस त्यामुळे काही वेगळे करून दाखवू शकतो. म्हणून अशा तासाचे मोल ठरवताना मी चित्राची स्पष्टता पाहत नाही, स्थळाचे नाव पाहत नाही. मुलांच्या सांगण्यावरून कॅमेरा किती वेळा वळला, एवढेच पाहते. तुमच्या पहिल्या कार्यक्रमात तो एकदाही वळला नाही.

दूरचे दृश्य वर्गात आणण्याच्या बाबतीत आपला भाग मागासलेला कधीच नव्हता. १९०६ मध्ये सक्तीचे प्राथमिक शिक्षण संपूर्ण राज्याला लागू करणाऱ्या सयाजीराव महाराजांच्या काळातच बडोद्याच्या ग्रंथालय खात्याने दृश्य शिक्षणाची एक वेगळी शाखा काढली होती, आणि जादूच्या कंदिलाच्या (पडद्यावर चित्र पाडणाऱ्या दिव्याच्या) काचपट्ट्या व चित्र खोलीसह दाखवणारे स्टिरिओस्कोप घेऊन तिची माणसे खेड्यापाड्यांत जात असत. पुढे १९७५-७६ मध्ये इस्रोने नासाच्या एटीएस-६ उपग्रहाच्या मदतीने ‘साइट’ हा प्रयोग करून सहा राज्यांतील सुमारे २,४०० खेड्यांत दूरचित्रवाणी पोहोचवली, आणि त्याच वर्षी शेजारच्या खेडा जिल्ह्यात पीज गावच्या प्रक्षेपण केंद्रावरून ग्रामीण दूरचित्रवाणीचा खेडा प्रकल्प सुरू झाला. चित्र एकाच बाजूने जाते आणि पाहणाऱ्याचा आवाज परत येत नाही, ही त्या माध्यमाची अडचण होती. त्यामुळेच उपग्रहावरून प्रशिक्षण देताना चित्र एका बाजूने पण आवाज दोन्ही बाजूंनी, अशी रचना आली, आणि सप्टेंबर २००४ मध्ये खास शिक्षणासाठी सोडलेल्या एज्युसॅट उपग्रहावर काही वर्गांना थेट बोलता येण्याची सोय केली गेली. इतकी वर्षे खपून माणसांनी जे मिळवले, ते तुमच्या वर्गात आज एका केबलवर आले आहे. ते वापरून मुलांना पन्नास मिनिटे गप्प बसवणे ही मला खरोखर खेदाची गोष्ट वाटते.

बोलायला मिळाले तर मुले किती जागी होतात, याचा पुरावा चित्र अजिबात नसलेल्या एका उपक्रमात आहे. आंतरराष्ट्रीय अवकाश स्थानकावरील अंतराळवीरांशी जगभरातली शाळकरी मुले हॅम रेडिओवरून, म्हणजे हौशी लोक चालवतात त्या दुतर्फा रेडिओवरून, बोलतात. स्थानक एका ठिकाणावरून जाताना जेमतेम दहा मिनिटे संपर्कात राहते, म्हणून मुले प्रश्न आधी लिहून, घासूनपुसून, क्रमाने रांगेत उभी राहतात आणि एकेक प्रश्न विचारून बाजूला होतात. २०२५ मध्ये शुभांशू शुक्ला स्थानकावर असताना भारतातल्या विद्यार्थ्यांनाही त्यांच्याशी बोलता आले. तिथे वेळ कमी असतो, आवाजात खरखर असते, आणि तरीही प्रत्येक मुलाला आपला प्रश्न आणि त्याचे उत्तर दोन्ही लक्षात राहतात, कारण तो प्रश्न त्याने स्वतः तयार केलेला असतो.

मी पाहिलेला एक तास जरा सविस्तर सांगते. कच्छच्या छोट्या रणात मीठ पिकवणाऱ्या एका अगरिया कुटुंबाशी सातवीच्या एका वर्गाची जोडणी करून दिली होती. पलीकडे एक बाई, हातात लांब दांड्याचे लाकडी दंताळे, आणि मोबाइल धरायला तिचा मोठा मुलगा. पहिले दोन-तीन प्रश्न पुस्तकातले होते. किती महिने राहता, पाणी कुठून येते. बाईंनी सांगितले, की पावसाळ्यात रणात पाणी भरते, ते ओसरले की कुटुंब इथे येते आणि उन्हाळा तापेपर्यंत राहते. जमिनीखालचे खारे पाणी उपसून वाफ्यात सोडायचे, ते आटत गेले की मीठ धरते, आणि ते सारखे हलवत राहावे लागते. मग तिसऱ्या बाकावरची एक मुलगी उठली आणि म्हणाली, “मावशी, मिठात उभे राहून पाय दुखत नाहीत?” बाई हसल्या. उत्तर देण्याऐवजी त्यांनी मुलाला मोबाइल खाली धरायला सांगितला. वर्गाच्या मोठ्या पडद्यावर एक टाच आली, उभ्या-आडव्या भेगा पडलेली, आणि त्या भेगांच्या कडेला मिठाची पांढरी रेघ. शेजारीच वाफ्याच्या बांधावर काळे गमबूट पडलेले होते. “बूट आहेत, मग घालत का नाही?” दुसऱ्या कोणी तरी लगेच विचारले. चिखलात बूट रुततात, आत खारे पाणी शिरले तर पाय जास्तच झोंबतात, म्हणून दिवसातून थोडाच वेळ घालते, असे त्यांनी सांगितले. मग एका मुलाला पाणी उपसणारा पंप पाहायचा होता, मोबाइल तिकडे वळला, तिथे सौरऊर्जेच्या तक्त्या दिसल्या, आणि डिझेल सोडून त्या का बसवल्या यावर तिसराच विषय निघाला. जोडणी मध्येच तुटली, पुन्हा लागली. सगळे मिळून पंचवीस मिनिटांत आटोपले. देशातले बहुतांश मीठ गुजरातेत पिकते हे वाक्य त्या मुलांनी पुस्तकात आधीच वाचलेले होते. त्या दिवशी त्यांनी त्या वाक्यामागचा पाय पाहिला, आणि तो कोणी दाखवला नव्हता, त्यांनी मागून घेतला होता.

तुम्हीही इथूनच सुरुवात करा, परदेशातल्या प्रवाळापासून नको. प्रवाळच दाखवायचे असतील तर ते आपल्या जामनगरजवळच आहेत. कच्छच्या आखातातले सागरी राष्ट्रीय उद्यान १९८२ मध्ये स्थापन झाले आणि ते देशातले अशा प्रकारचे पहिले. तिथे नरारा येथे ओहोटीच्या वेळी माणूस चालत जाऊन खडकांतल्या डबक्यांत खेकडे, समुद्रफुले, नशीब असेल तर ऑक्टोपस पाहू शकतो. मात्र तिथल्या वाटाड्याशी जोडणी करायची तर तास शाळेच्या वेळापत्रकाप्रमाणे लावता येणार नाही, ओहोटीच्या वेळेप्रमाणे लावावा लागेल, आणि ती वेळ रोज पुढे का सरकते हे मुलांना आधी शोधून काढायला लावले तर निम्मा पाठ तिथेच होतो. पुण्याजवळ नारायणगावच्या परिसरात जीएमआरटी ही रेडिओ दुर्बीण आहे, ४५ मीटर व्यासाच्या ३० अँटेना सुमारे २५ किलोमीटरच्या पसाऱ्यात उभ्या आहेत. तिथल्या शास्त्रज्ञाने हातात मोबाइल घेऊन अँटेनाखाली उभे राहावे असे तुम्हाला वाटेल, पण मोबाइलच्या लहरींमुळे अवकाशातून येणारे क्षीण संकेत बिघडतात, म्हणून तिथे मोबाइल बंद ठेवावे लागतात आणि पाहुण्याला कार्यालयातूनच बोलावे लागेल. “तुम्ही बाहेर जाऊन का दाखवत नाही?” हा प्रश्न मुलांना विचारू द्या, त्याच्या उत्तरात रेडिओ खगोलशास्त्र आहे. नावाजलेला पाहुणा मिळालाच पाहिजे असे मुळीच नाही. कोकणातल्या बंदरावरचा मच्छीमार, रेल्वेच्या सिग्नल विभागातला कर्मचारी, एखाद्या विद्यार्थ्याची परगावी काम करणारी मावशी, जो आपल्या कामाविषयी प्रेमाने बोलतो आणि ज्याला मुलांचा कंटाळा नाही असा कोणीही चालेल.

परदेशातला पाहुणा हवाच असेल तर घड्याळ पाहा. बडोद्यात सकाळचे अकरा वाजतात तेव्हा न्यूयॉर्कला मध्यरात्र उलटलेली असते, पण नैरोबीत साडेआठ आणि टोकियोत दुपारचे अडीच वाजलेले असतात.

तयारीविषयी मी थोडी आग्रही आहे, कारण सगळे यश त्यातच आहे. जोडणीच्या आधी एक पूर्ण तास मोकळा ठेवा. सहा-सहा मुलांचे नऊ गट करा. प्रत्येक गटाने दहा प्रश्न काढायचे, मग ज्यांची उत्तरे पाठ्यपुस्तकात किंवा गुगलवर एका ओळीत मिळतात ते त्यांनीच खोडायचे, आणि उरलेल्यांपैकी दोन निवडायचे. ‘हे काय आहे’ यापेक्षा ‘हे करून दाखवाल का’, ‘हे उलटे करून दाखवाल का’, ‘हे बिघडले तर तुम्ही काय करता’ या जातीचे प्रश्न त्यांना काढता आले पाहिजेत. पहिल्या वेळी तुम्हाला मदत करावी लागेल, नंतर लागणार नाही. निवडलेले पाच-सहा प्रश्न पाहुण्याला आधी कळवा, म्हणजे तो वस्तू हाताशी ठेवेल. बाकीचे मात्र कळवू नका. जोडणीच्या दिवशी पाहुण्याने स्वतःहून बोलायची मुदत पाच मिनिटे, आणि हे त्याला आधीच नम्रपणे पण स्पष्ट सांगा. भली माणसेही पडद्यासमोर आली की भाषण करतात. प्रश्न विचारणाऱ्या मुलाने उठून कॅमेऱ्याजवळ यावे, कारण ५४ डोकी दुरून दिसणाऱ्या पाहुण्याला आपण कोणाशी बोलतो आहोत हेच कळत नाही, आणि एक उत्सुक चेहरा जवळून दिसला की त्याचे बोलणे आपोआप बदलते. आवाज पोहोचायला क्षणभर उशीर लागतो, तेव्हा उत्तर संपल्यावर मनात दोन अंक मोजून मग बोलायचे, ही सवय आदल्या दिवशी शेजारच्या वर्गाशी जोडणी करून लावता येते. थेट बोलणे वीस-पंचवीस मिनिटांपेक्षा जास्त नको. उरलेल्या वेळात लगेच प्रत्येकाने लिहायचे : मला आधी काय वाटत होते, आता काय वाटते, आणि काय विचारायचे राहून गेले. राहिलेले प्रश्न आठवड्याच्या आत पाहुण्याला पाठवा आणि त्याची उत्तरे फळ्याशेजारी लावा. हे शेवटचे काम बहुतेक शाळा गाळतात. ते गाळले तर दोन आठवड्यांनी मुलांच्या मनात त्या तासाचे फार थोडे उरते.

तुमच्या मुलांसाठी भाषेचा प्रश्न तुम्हीच सोडवू शकता. पाहुणा इंग्रजी बोलणारा असेल तर दर उत्तरानंतर त्याने थांबायचे आणि तुम्ही दोन वाक्यांत गुजरातीत सांगायचे. यात वेळ जातो, पण मागच्या बाकांवरची मुले टिकून राहतात. मुलांनी प्रश्न गुजरातीत विचारावा, तुम्ही तो पुढे न्यावा. इंग्रजीत विचारण्याची सक्ती केली तर इंग्रजी येणारी तीन-चार मुलेच वर्षभर बोलतील.

यंत्रांबाबत थोडक्यात. चित्र अस्पष्ट झाले तर मुले सांभाळून घेतात, आवाज तुटला तर घेत नाहीत, म्हणून पैसे खर्चायचे तर आधी चांगल्या माइकवर खर्चा. एका खोलीत दोन यंत्रांचे माइक आणि स्पीकर एकाच वेळी चालू राहिले की कर्कश शिटी वाजते, तेव्हा वर्गातून एकच यंत्र जोडलेले असावे. जोडणीला फार मोठा वेग लागत नाही, दोन्ही दिशांना तीन-चार एमबीपीएसचा स्थिर वेग पुरतो, पण तो कार्यालय आणि संगणक कक्ष सुरू असतानाच्या वेळी मोजा, आणि वायफायऐवजी केबल लावा. मुलांच्या पाठीमागे उघडी खिडकी नको, नाही तर चेहरे काळे दिसतात. झूमच्या मोफत खात्यावरची बैठक चाळीस मिनिटांनी तुटते, आणि वर सांगितलेला तास तेवढ्यात आरामात बसतो. पाहुण्याकडून आदल्या दिवशी दोन-तीन छोटे व्हिडिओ मागवून ठेवा, म्हणजे रणातले नेटवर्क गेले तरी तास वाया जाणार नाही. ज्या गावच्या शिक्षकांकडे डिजिटल फळा नाही, त्यांनी थांबण्याचे कारण नाही : एक मोबाइल, घरचा टीव्ही, दोघांना जोडणारी केबल आणि एक छोटा स्पीकर एवढ्यावर वीस-पंचवीस मुलांचा वर्ग उत्तम चालतो.

मुलांच्या सुरक्षिततेचा विचार पडद्यावरही करावा लागतो. बैठकीला पासवर्ड हवा, प्रतीक्षा कक्ष (वेटिंग रूम) सुरू हवा, आणि दुवा पालकांच्या व्हॉट्सअॅप गटावर टाकायचा नाही. मुलांनी पाहुण्याला फक्त पहिले नाव सांगावे. चित्रण करणार असाल तर पालकांची लेखी संमती आधी घ्या. २०२३ च्या वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्यात अठरा वर्षांखालील प्रत्येक जण मूल धरला आहे आणि त्याच्या माहितीसाठी पालकांची संमती आवश्यक ठरवली आहे. शाळेच्या जाहिरातीसाठी मुलांचे चेहरे वापरण्याचा मोह व्यवस्थापनाला होईल, तिथे तुम्ही खंबीर राहा.

आणखी एक सुचवते, आणि माझा सर्वांत जास्त जीव यात आहे. तुमच्या मुलांनी नेहमी पाहणारेच का असावे? दुसऱ्या गावच्या वर्गाला दाखवण्यासारखे त्यांच्याकडे पुष्कळ आहे. विश्वामित्रीतल्या मगरी हिवाळ्यात सकाळी काठावर ऊन खात पडलेल्या असतात, आणि भर शहरातल्या नदीत मगरी राहतात यावर इंदूरच्या किंवा ग्वाल्हेरच्या मुलांचा चटकन विश्वास बसणार नाही. त्या मोठ्या माणसांच्या सोबतीने, पुलावरून, दुरूनच दाखवायच्या. सयाजीबागेतल्या १८९४ सालच्या संग्रहालयात निळ्या देवमाशाचा सुमारे सत्तर फुटी सांगाडा आहे. तिथे थेट प्रक्षेपणाची परवानगी मिळाली तर ठीक, नाही तर आधी पायी जाऊन मुलांनी त्याची पावलांनी लांबी मोजावी, चित्रे काढावी, बरगड्या मोजाव्या, आणि मग वर्गात बसून दुसऱ्या शाळेच्या प्रश्नांना उत्तरे द्यावी. ज्याला उत्तर द्यायचे असते तो सांगाडा वेगळ्या नजरेने पाहतो. आणि हे करताना खरी सहलही होते, रावपुऱ्यातून चालत जाऊन परत येण्याइतकी, बस नाही, बोट नाही, फी नाही.

फीचा मुद्दा तुमच्या सहकाऱ्यांनी काढला तो खरा आहे, आणि त्याला तुम्ही पत्रात जरा घाईने बाजूला सारले आहे असे मला वाटले. ज्या मुलाचे नाव दर वर्षी सहलीच्या यादीत नसते, त्याला पडद्यासमोर सगळ्यांच्या बरोबरीने बसता येते. ज्या मुलीला पायऱ्या चढता येत नाहीत, तिलाही. ही लहान गोष्ट नाही. पण तेवढ्यावर समाधान मानले तर ज्यांना परवडते त्यांची मुले आईवडिलांबरोबर गाव-परगाव फिरतील आणि बाकीच्यांच्या वाट्याला फक्त फळा राहील. तेव्हा पडद्यावरचे तास वाढवण्याबरोबरच फीशिवायच्या पायी सहली वाढवण्याची मागणी तुम्हीच करायला हवी. राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२० मध्ये सहावी ते आठवीच्या काळात दहा दिवस दप्तराविना स्थानिक कारागीर आणि व्यावसायिकांकडून शिकण्यासाठी सुचवले आहेत. तुमचे वर्ग नेमके त्यातच बसतात, आणि मुख्याध्यापकांना कागदावर आधार हवा असेल तर तो इथे आहे.

तुमच्यासमोर मार्ग तीन आहेत. साफ नकार दिलात, तर फळा दुसऱ्या कोणाच्या हाती जाईल आणि महिन्यातून एक विकतची फिल्म लागत राहील, त्या मुलाचा प्रश्न तसाच राहील. मुकाट्याने मान्य केलेत, तर वर्षअखेरीला तुम्हीच थकाल. तिसरा मार्ग म्हणजे जबाबदारी घेऊन अटी घालणे, आणि मी तुम्हाला तो सुचवते. दर महिन्याला एक असा आकडा मान्य करू नका. नीट तयारी करून वर्षात तीन थेट तास होतात, त्यापेक्षा जास्त केले की पहिला बळी तयारीचा जातो. तीन थेट तास, दोन पायी सहली, आणि सुरक्षिततेचे प्रश्न लेखी सुटले तर वर्षअखेरीला एक बसची सहल, असा एका पानाचा प्रस्ताव लिहून द्या. कंपनीला दिले जाणारे पैसे वाचतील ते न परवडणाऱ्या मुलांच्या बसभाड्याकडे वळवावेत, हेही त्यातच लिहा. मुख्याध्यापकांनी बसची सहल नाकारली तरी बाकीचे नाकारण्याचे कारण त्यांच्याकडे उरणार नाही. आणि त्या मुलाला उत्तर द्यायला पुढल्या वर्षाची वाट पाहू नका. बसचे ठरलेले नाही, पण सयाजीबागेत आपण नक्की जाणार आहोत, असे त्याला या आठवड्यातच सांगा.

मिठाचा हंगाम दिवाळीनंतर हळूहळू जोर धरतो, म्हणून अगरिया कुटुंबाशी बोलायचे असेल तर जानेवारी-फेब्रुवारीचा काळ चांगला, तेव्हा वाफ्यात दाखवण्यासारखे मीठ असते. त्यांच्या कामाचे तास मोडणार असल्यामुळे त्या दिवसाचा योग्य मोबदला शाळेने द्यावा, आणि ती रक्कम आधी ठरवावी. सयाजीबागेची पायी सहल त्याच्या आधी, डिसेंबरात उरका. दोन्हींसाठी पालकांना एकच संमतीपत्र काढा आणि फी नाही, हे त्याच्या पहिल्याच ओळीत लिहा.